केप टाउनमधला एक दिवस: आधी लांगा, मग पेंग्विन

नीलमोहर_ठाणे

नमस्कार मंडळी,

आमच्या ठाण्याच्या निसर्गप्रेमी गटातले चौदा जण दिवाळीनंतर दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलो. सगळ्यात लहान मेंबर २६ वर्षांची, सगळ्यात मोठे ७१ चे. पूर्ण सहलीवर लिहायला बसले तर महिना जाईल, म्हणून एकाच दिवसावर लिहिते. तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

आमच्या टूरवाल्यांच्या कागदावर त्या दिवसाचा कार्यक्रम असा होता: सकाळी पेंग्विन, दुपारी केप पॉइंट, आणि परतताना 'टाउनशिप दर्शन, ४५ मिनिटं, बसमधूनच'. टाउनशिप म्हणजे काळ्या लोकांसाठी शहराच्या कडेला आखून दिलेली वस्ती. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी आदल्या रात्री जेवताना सांगितलं, "बसमधून उतरायचं नसेल तर मी त्या वस्तीत येणार नाही. मला हॉटेलवर सोडा." मलाही तेच टोचत होतं. दिवसभर काचेतून शहामृग आणि बबून बघायचे, आणि संध्याकाळी त्याच काचेतून, त्याच नजरेनं माणसं बघायची? मग रात्रीच फोनाफोनी केली. लांगामध्येच राहणारी एक गाइड मिळाली. तिनं दोन अटी घातल्या: सकाळी यायचं आणि पायी फिरायचं. टूरवाल्यांनी बदलाचे जादा पैसे घेतले. ते आम्ही दिले.

लांगा ही केप टाउनमधली आज उभी असलेली सगळ्यात जुनी टाउनशिप, १९२७ ची. १९२३ च्या कायद्यानं काळ्या लोकांना शहरात राहायची ठरावीक जागा आखून दिली, त्यातून ती झाली. खोसा भाषेत 'इलांगा' म्हणजे सूर्य. पण नावाचा दुसरा धागा लांगालिबालेले या ह्लुबी राजाशी जोडलेला आहे. १८७३ च्या संघर्षानंतर ब्रिटिशांनी त्याला रॉबेन बेटावर ठेवलं आणि नंतर याच परिसरातल्या एका शेतावर नजरकैदेत.

गाइडनं बसमधून उतरल्या उतरल्या आधी बोलायला शिकवलं. एकाला भेटलात तर 'मोलो', अनेकांना 'मोलवेनी', आभार मानायचे तर 'एन्कोसी'. बरोबरीच्या बाईला 'सिसी', आईच्या वयाच्या बाईला 'मामा'. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ हे तिला सांगितलं तेव्हा तिला फार गंमत वाटली. ती लगेच आमच्यातल्या एका काकांना 'मामा' म्हणायला लागली.

वॉशिंग्टन स्ट्रीटवर जुनं पास कोर्ट आहे, आता ते संग्रहालय झालंय. पास नसलेल्या माणसांना इथे उभं करायचे. 'डोमपास' म्हणजे ते ओळखपुस्तक. काळ्या माणसानं ते सतत जवळ बाळगायचं, मागितलं की दाखवायचं. नाही दाखवता आलं तर अटक. परवानगीशिवाय शहरात ७२ तासांच्या वर राहायचं नाही. कायमचं राहायचं तर तिथेच जन्म हवा, किंवा एकाच मालकाकडे दहा वर्षं सलग नोकरी, किंवा कायदेशीर वास्तव्याची पंधरा वर्षं. हे कायदे १९८६ मध्ये गेले. माझं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालं. हे सगळं किती अलीकडचं आहे ते मला त्या भिंतीसमोर उभं राहून कळलं.

मग वसतिगृहं. गावाकडून कामाला आलेल्या पुरुषांसाठी बांधलेल्या विटांच्या लांबलचक इमारती. कायदे सैल झाले तशा बायका-मुलं येत गेली. एका खोलीत तीन पलंग, आणि एकेका पलंगावर एकेक कुटुंब. पलंगाच्या वर पेट्या, पेट्यांच्या वर भांडी. आता बऱ्याच इमारती फोडून कुटुंबांसाठी घरं केली आहेत, सगळ्या नाहीत. गाइडची आजी ट्रान्सकाइहून, म्हणजे पूर्वेकडच्या खेड्यापाड्यांच्या भागातून, पासशिवाय आली होती. धाड पडली की पलंगाखाली शिरायची. गाइडनं हे सांगताना आवाज जरासुद्धा बदलला नाही. आमच्यातल्या दोघींना मात्र रडू आवरेना.

आणि लगेच पुढच्या गल्लीत नीटनेटके बंगले, दारात गाड्या, कुंपणावर गुलाब. त्या गल्लीला तिथले लोक 'बेव्हर्ली हिल्स' म्हणतात. डॉक्टर, शिक्षक, वकील राहतात. ऐपत आली तरी लांगा सोडलं नाही अशी ती माणसं. पलीकडे पत्र्याच्या झोपड्या, त्यापलीकडे सरकारनं बांधलेली घरं. चौकात बायका विस्तवावर तापवलेल्या लोखंडानं मेंढीच्या मुंडक्यांवरची लोकर जाळत होत्या. त्याला तिथे 'स्मायली' म्हणतात, कारण भाजताना ओठ मागे सरकतात आणि दात दिसतात. एका पत्र्याच्या खोलीत 'उमकोम्बोथी' प्यायला दिली. मका आणि ज्वारीच्या मोडांपासून आंबवलेलं घरचं पेय. पत्र्याची बादली, वरचा फेस फुंकून बाजूला करायचा, एक घोट घ्यायचा आणि बादली शेजारच्याकडे द्यायची. चव? आंबट, दाट, आंबिलीच्या अगदी जवळची.

एक प्रसंग लिहायलाच हवा. सार्वजनिक नळावर एक आजी कपडे धूत होत्या. आमच्यातल्या एकांनी न विचारता फोटो काढला. आजी उभ्या राहिल्या आणि ओल्या हातानंच काहीतरी बोलल्या. गाइडनं आम्हाला थांबवलं आणि भाषांतर केलं: "माझे कपडे धुऊन झाल्यावर मी तुझ्या घरी येते. तू अंघोळ कर, मी फोटो काढते." फोटो काढणाऱ्यांनी माफी मागितली, मनापासून मागितली.

दुपारी दीडला बोल्डर्स बीचवर होतो. गुळगुळीत राखाडी ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे, साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्या मधल्या पांढऱ्या वाळूत पेंग्विन. १९८२ च्या सुमारास दोन जोड्या आल्या आणि तिथून ही वसाहत वाढली. त्यांचं ओरडणं थेट गाढवासारखं. बरेचसे पिसं झाडत होते, कापूस पिंजल्यासारखे दिसत होते. जुनी पिसं एकदम गळतात, नवी येईपर्यंत अंग जलरोधक नसतं, त्यामुळे पाण्यात जाता येत नाही. जवळजवळ तीन आठवडे उपाशी उभं राहायचं. ते हलत नाहीत म्हणून लोकांना वाटतं आजारी आहेत.

तिथे लाकडी पूल आहे, कठडा आहे, राखणदार आहे. कोणी हात पुढे केला तर लगेच शिट्टी. त्या कठड्याला टेकून उभी असताना मला सकाळचा नळ आठवला. पेंग्विनना आमच्यापासून वाचवायला तीन-तीन व्यवस्था होत्या. त्या आजींच्या आणि आमच्या मध्ये काहीही नव्हतं, ते अंतर आम्हीच राखायचं होतं. क्रम उलटा असता, आधी पेंग्विन आणि शेवटी लांगा, तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं.

केप पॉइंटबद्दल थोडक्यात. आफ्रिकेचं दक्षिण टोक ते नव्हे. ते तिथून साधारण १५० किलोमीटर आग्नेयेला, अगुल्हासला. वर जुनं दीपगृह आहे, १८६० च्या सुमाराचं, समुद्रसपाटीपासून जवळजवळ अडीचशे मीटरवर. इतक्या उंचीवर ते ढगातच जायचं, जहाजांना दिसायचं नाही. १९११ मध्ये लुसितानिया नावाचं पोर्तुगीज जहाज खाली खडकावर आपटलं, तेव्हा खालच्या अंगाला दुसरं दीपगृह बांधलं. वारा इतका होता की उभं राहता येत नव्हतं.

परतताना चॅपमन्स पीकचा रस्ता: नऊ किलोमीटर, ११४ वळणं, डावीकडे समुद्रात बुडणारा सूर्य. बसमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत.

तुमच्यापैकी कोणी अशा वस्त्यांमध्ये गेलं आहे का? तुम्ही काय पाळलंत?

पक्षीवेडा_नाशिक

फार आवडलं. पेंग्विनबद्दल थोडी भर घालतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आफ्रिकन पेंग्विनची नोंद 'अतिसंकटग्रस्त' गटात झाली. निसर्गात दहा हजारांहून कमी जोड्या उरल्या आहेत. बोल्डर्सवर ते इतके जवळ आणि इतके बिनधास्त दिसतात की तिथून परतणाऱ्याला वाटतं भरपूर आहेत.

कारणं अनेक. पूर्वी ही मंडळी बेटांवरच्या ग्वानोत, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात, बिळं खणून अंडी घालायची. तो थर खतासाठी खरवडून नेला. मग उघड्यावर अंडी घालावी लागली, ऊन लागलं की आई-बाप उठून पाण्यात जातात आणि गल पक्षी अंडी पळवतात. शिवाय कित्येक वर्षं माणसांनी खाण्यासाठी लाखो अंडी गोळा केली. आता सगळ्यात मोठा प्रश्न खाण्याचा आहे. सार्डिन आणि अँकोव्ही हेच त्यांचं अन्न, आणि तेच बोटींनाही हवं असतं.

२००० च्या जूनमध्ये 'ट्रेझर' नावाचं जहाज बुडून तेल पसरलं, तेव्हा सुमारे १९,००० पेंग्विन तेलानं माखले. हजारो स्वयंसेवकांनी एकेक पक्षी धुतला. जे माखले नव्हते अशा साधारण तेवढ्याच पक्ष्यांना ट्रकनं पोर्ट एलिझाबेथला नेऊन समुद्रात सोडलं. ते पोहत घरी येईपर्यंत तेल साफ व्हावं, हा हिशेब. तो हिशेब बरोबर ठरला. मला पक्ष्यांच्या जगातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

स्पष्टवक्ता

लेखन चांगलं आहे, पण मला मुळातच हे पटत नाही. पैसे देऊन दुसऱ्याची गरिबी का बघायची? धारावीतही हेच चालतं. परदेशी पाहुणे येतात, गल्लीतून रांगेनं फिरतात, जातात. माझ्या मावशीचं घर तिथे होतं. लहानपणी दारात अनोळखी माणूस डोकावला की आजी पडदा ओढायची. पायी गेलात म्हणून आणि 'मोलो' म्हटलंत म्हणून त्यात मूलभूत फरक पडतो असं मला वाटत नाही.

नीलमोहर_ठाणे

@स्पष्टवक्ता, आजींचा तो पडदा लक्षात राहील. तुमचा प्रश्न आमच्यातही झाला होता, दोघे जण याच कारणानं यायला तयार नव्हते.

मी गाइडलाच सरळ विचारलं, आम्ही इथे येणं तुला आवडतं का? ती म्हणाली, कोण येतं त्यावर आहे. शहरातले कितीतरी लोक विमानतळावरून येताना रोज लांगाच्या कडेनं जातात आणि आयुष्यात एकदाही आत वळत नाहीत. त्यांच्यापेक्षा तुम्ही बरे. पण बसमधून फोटो काढणाऱ्यांपेक्षा न आलेले बरे. हे तिचं मत, तिच्याच वस्तीबद्दल. मला ते माझ्या मतापेक्षा जास्त वजनाचं वाटतं.

पैशांचं म्हणाल तर आम्ही तिला थेट दिले. जेवण तिथेच घेतलं. गुगा स्थेबे हे कलाकेंद्र आहे तिथे, रंगीत फरशांच्या तुकड्यांनी मढवलेलं. तिथल्या कुंभारांकडून भांडी घेतली, घासाघीस न करता. मुलांना चॉकलेटं वाटू नका असं तिनं आधीच बजावलं होतं.

गिरणगावकर

वसतिगृहाचा परिच्छेद वाचून बराच वेळ पुढे जाता आलं नाही.

माझे आजोबा कणकवलीजवळच्या गावातून परळच्या गिरणीत आले. गाळ्यात राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायचं. एक उठून गिरणीत गेला की त्याच वळकटीवर दुसरा. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर एक खुंटी. जेवण खानावळीत. आजी गावाला, वर्षातून गणपतीत आणि शिमग्यात भेट, बाकी मनीऑर्डर. तुम्ही लिहिलेला पलंगावरच्या पेट्यांचा तपशील आमच्या घरच्या गोष्टींतला आहे असंच वाटलं. ट्रान्सकाइच्या जागी कोकण घाला.

टेबलमाउंटन_खाली

मी अकरा वर्षं केप टाउनला आहे, मूळ कोल्हापूरचा. @गिरणगावकर, तुमची तुलना मनाला भिडली, पण एक फरक मला ठेवावासा वाटतो. तुमच्या आजोबांनी आजीला मुंबईला आणलं नाही ते जागा नव्हती, पैसा नव्हता, गावची शेती होती म्हणून. आणलं असतं तर पोलिसांनी तिला पलंगाखालून ओढून काढून ट्रेनमध्ये बसवलं नसतं. इथे कुटुंब तोडणं हाच कायद्याचा हेतू होता. पुरुषाचे हात हवे होते, पण त्याचं घर शहरात नको होतं.

मात्र मुंबईशी एक धागा खरंच आहे. लांगाच्या आधी काळ्या लोकांची वस्ती न्दाबेनीला होती. १९०१ मध्ये केप टाउनला प्लेग आला आणि त्याचं निमित्त करून त्यांना शहरातून उचलून तिथे टाकलं. जगभर फिरलेली तीच ती साथ, जी १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात आली होती. नंतर न्दाबेनीची जागा कारखान्यांना हवी झाली, म्हणून लोक पुन्हा हलवले, लांगाला.

आणि लांगा म्हटलं की ३० मार्च १९६०. शार्पव्हिलला पास कायद्यांविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्याला नऊ दिवस झाले होते. त्याच दिवशी, २१ मार्चला, लांगामध्येही गोळ्या चालल्या होत्या. ३० तारखेला सुमारे ३०,००० माणसं लांगाहून शहरात चालत गेली. पुढे फिलिप क्गोसाना, वय २३, विद्यार्थी, अर्ध्या चड्डीत. पोलिसांनी मंत्र्यांशी भेट घालून देतो असं सांगितलं, त्यानं लोकांना शांतपणे परत नेलं. संध्याकाळी भेटीसाठी आला तेव्हा त्याला अटक केली. शहरात शिरणाऱ्या डोंगराकडच्या रस्त्याला २०१७ पासून त्याचं नाव आहे. तुमची बसही बहुधा तिथून गेली असेल.

गिरणगावकर

@टेबलमाउंटन_खाली, मान्य. तो फरक मोठा आहे, आणि मी तो पुसायला नको होता. आजोबा गावाला जायचे ते स्वतःच्या मर्जीनं, आणि गेले तर परत येऊ शकायचे.

सुगरण_सोलापूर

उमकोम्बोथीबद्दल अजून सांगा ना! ज्वारी भिजवून मोड आणतात, वाळवतात, दळतात, बरोबर? आमच्याकडे आंबिलीला मोड आणत नाहीत, पीठच आंबवतात. ज्वारी मुळात आफ्रिकेचीच, नाचणीही तिथलीच. हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि आपण तिला इतकी आपली केली की सोलापूरची ओळखच झाली. तुम्ही तिथे बादलीतून आंबील प्यायलात हे वाचून मला आपल्या भाकरीच्या माहेरी कोणीतरी जाऊन आल्यासारखं वाटलं.

शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं?

नीलमोहर_ठाणे

हो, मोड आणून वाळवलेली ज्वारी आणि मका. शिजवतात, थंड करतात, मग आंबवतात आणि गाळतात.

आम्ही सात जण शाकाहारी. 'उम्न्गकुशो' मिळालं: कुटलेल्या मक्याच्या जाड कण्या आणि घेवड्यासारख्या बिया, तासन्‌तास मंद शिजवलेल्या. मात्र बऱ्याच घरी त्यात मांसाचं हाड घालतात, म्हणून आधी विचारायचं. 'अमाग्विन्या' म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, गरम गरम, आमच्या तरुण मेंबरनं चार खाल्ले. केप टाउनच्या मलय वस्तीत समोसेही मिळतात. तिथल्या लोकांचे पूर्वज डचांनी गुलाम म्हणून आणलेले, त्यात इंडोनेशियाबरोबरच बंगाल, मलबार आणि कोरोमंडलचेही होते.

कासवाडी

केप पॉइंटवर फुलं नव्हती का? तुम्ही निसर्गप्रेमी गट म्हणता आणि फाइनबोसबद्दल, म्हणजे तिथल्या खास झुडपी वनस्पतींबद्दल, एक ओळही नाही! जगाचे वनस्पतींचे सहा प्रदेश मानले तर सगळ्यात लहान हा, आणि त्यात सुमारे ९,००० जाती, त्यातल्या दोन-तृतीयांशांहून जास्त जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. मी साताऱ्याची, कासचा सडा बघत वाढले. आमच्याकडे सगळं पावसावर असतं, तिथे आगीवर. काही प्रोटिया बिया बंद बोंडात वर्षानुवर्षं धरून ठेवतात आणि वणवा गेला की सोडतात. काही बिया मुंग्या बिळात नेतात, वरचा मऊ भाग खातात आणि बी तिथेच जमिनीत सुरक्षित राहतं. धूर लागल्याशिवाय रुजत नाहीत अशाही आहेत.

नीलमोहर_ठाणे

@कासवाडी, चूक माझी. फुलं होती, उताराउतारावर होती. पिवळे पिनकुशन, गुलाबी एरिका, वाऱ्यानं झोपलेले रेस्टिओ. एका जळालेल्या पट्ट्यात काळ्या खुंटांमधून हिरवे कोंब आले होते, आमच्यातले तिघे तिथे गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत होते. माझ्याच डोक्यात तेव्हा नळ होता.

बबूनही दिसले. बसच्या खिडक्या बंद, खाऊचे डबे सीटखाली. एकदा माणसाच्या हातचं मिळालं की बबून दारं उघडायला शिकतो, अंगावर येतो, आणि अखेर त्यालाच मारावं लागतं. म्हणून खायला घालणाऱ्याला दंड आहे.

प्रवासी_पुणे

आईला न्यायचं आहे. गुडघे दुखतात. जमेल का? आणि पिवळ्या तापाची लस?

टेबलमाउंटन_खाली

बोल्डर्सचा लाकडी पूल सोपा आहे. केप पॉइंटला वर जायला छोटी ट्रेन आहे, तिच्यापुढे मात्र पायऱ्या. लांगामध्ये सपाट रस्ते, पण गाइडला आधी सांगा, ती चालणं कमी करते. लस: नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे येत असाल आणि तिथे बराच वेळ थांबणार असाल तर कार्ड विचारतात. तिकीट काढायच्या आधी नियम तपासा. आणि एक, आईंना नोव्हेंबरातला आग्नेयेचा वारा झेपणार नाही. मार्चमध्ये या.

लेन्स_आणि_मी

नमस्कार. नळावर फोटो काढणारा तो मीच. नीलमोहरनं नाव लिहिलं नाही, पण मलाच सांगावंसं वाटतं.

मी चाळीस वर्षं फोटो काढतोय, जास्त करून पक्ष्यांचे. पक्ष्याला विचारायचं नसतं, आपण लपून बसायचं, आणि त्याला कळायच्या आत काढायचा. तो हात तसाच चालला. आजी बोलल्या तेव्हा आधी मला शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. मी तिथेच, त्यांना दाखवून फोटो पुसला.

पुढचं नीलमोहरला माहीत नाही, ती तेव्हा कुंभारांकडे होती. निघताना आम्ही पुन्हा नळावरून गेलो. आजींचे कपडे वाळत होते आणि त्या दारात नातीला घेऊन बसल्या होत्या. त्यांनीच हाक मारली, 'टाटा' म्हणाल्या, म्हणजे वडीलधारा माणूस. गाइडला सांगितलं की नातीचा एकही चांगला फोटो नाही. दोघी आत गेल्या, आजींनी डोक्याला नवीन रुमाल बांधला, नातीला शाळेचा गणवेश घातला. मग मी फोटो काढला. एकच. घरी आल्यावर मोठी प्रत काढून गाइडच्या पत्त्यावर पाठवली आहे, अजून पोचायची आहे.

नीलमोहर, रविवारच्या बैठकीला मी पडद्यावर दाखवायला त्या दिवसाचे १६० फोटो आणतोय. तो त्यात नाही. आजींनी तो घरासाठी काढून घेतला होता, आपल्यासाठी नाही.